भागवतची बंदूक, पवनची सोयरीक

मंगरूळपीर
१८ ऑगस्ट २०२५

चि. भागवत यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करशील म्हणून आधीच सांगते, मी उचलणार नाही. तू ओट्यावर बसून स्पीकर लावतोस आणि मी तुला जे सुनावते ते अर्धं केनवड चहा पीत ऐकतं. म्हणून हे पत्र. हे तरी मोठ्यानं वाचू नकोस.

तू बंदूक घेतल्याचं कळलं. सख्ख्या बहिणीला ते कळलं कोणाकडून, तर बसमध्ये भेटलेल्या तुझ्या शेतशेजारी रामधनकडून. तो म्हणाला, भागवतभाऊ आता रस्त्यानं चालत नाहीत, गस्त घालून राह्यले. रानडुकरांनी सोयाबीन उकरलं, परवाना पीक राखायला मिळाला, हे सगळं मला समजतं. समजत नाही ते एवढंच, की दिवाळीत फटाक्यांची माळ लागली की कानात बोळे घालून धान्याच्या कोठीमागे बसणारा माझा भाऊ हा आवाज काढणार कसा? चष्म्याचा नंबर तरी तपासून घेतलास का?

साधनाच्या गुडघ्यांचं कळव, बायकोकडेही लक्ष असू दे. पोळ्याला बैल सजवशील तेव्हा बंदुकीला बाशिंग बांधू नकोस. माया आहे तेवढी आहेच, बंदुकीच्या धाकानं ती वाढायची नाही.

तुझी,
विजूताई

केनवड
२७ ऑगस्ट २०२५

ती. विजूताईस शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. मी मोठ्यानं वाचलं नाही. साधनानं वाचलं.

तू थट्टा करतेस, पण मी वाशिमला जाऊन रीतसर शिकलो आहे. शिकवणारे हवालदार म्हणाले, एक डोळा मिटा. पहिल्या बाराला माझे दोन्ही मिटले, पण ते सगळ्यांचेच मिटतात. दुसऱ्या बाराला बंदुकीचा दस्ता खांद्यावर असा बसला की साधना अजून हळदीचा लेप लावते. नंतर शेतात मडकं ठेवून सराव केला. मडकं शाबूत आहे. छर्रे तुषार सिंचनाच्या पाइपाला लागले, पण तो पाइप जुनाच होता. डुकरं मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, ती यायची आहे. तोवर नुसता बार काढतो. डुकरं पळतात. थोड्या वेळानं परत येतात, तो भाग वेगळा.

आता मनातलं सांगतो, ताई. ही बंदूक डुकरांसाठी नाही, पवनसाठी आहे. पोरगा एकतीस वर्षांचा झाला. शेती करतो म्हटलं की मुलीवाले पाय मोकळे करायला उठतात ते परत बसत नाहीत. बैठकीत भिंतीवर बंदूक दिसली तर घराचं वजन पडेल असं मला वाटतं. त्याच्या काळजीनं माझं जेवणावरचं मन उडालं आहे. त्याचं नाही जमलं तर ही शेती, हे घर मी करू काय? तुझ्या ओळखीत एखादी मुलगी असेल तर बघ.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा,
भागवत

मंगरूळपीर
१० सप्टेंबर २०२५

चि. भागवत यास आशीर्वाद, आणि सोबत थोडी कानउघाडणी.

मुलीवाले परत का बसत नाहीत ते मी सांगते, कारण साधना तुला सांगणार नाही. पवन किती शिकला असं विचारलं की उत्तर तू देतोस. सून नोकरी करील का, असं विचारलं की तू नाही म्हणतोस. मागे त्या मालेगावच्या मुलीनं पवनला भाजी कोणती आवडते म्हणून विचारलं. त्यानं तुझ्याकडे पाहिलं आणि तू वांग्याची म्हणालास! मुलीला नवरा हवा असतो रे, सासऱ्याचा मुनीम नको असतो. बंदूक लाव, तोफ लाव, फरक पडायचा नाही.

तरी पवन माझा लाडका म्हणून सांगते. रिठदचे नानाजी भाजीपाला लावतात. त्यांची सुचिता इथे एका दवाखान्यात नर्स आहे. पोरगी सरळ आहे आणि तिखट आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी ती बापासोबत स्वतः तुझं घर पाहायला येईल. नोकरी सोडणार नाही हे तिनं आधीच कळवलं आहे.

त्या दिवशी तू तोंड बंद ठेव आणि बंदूकही. हौसेनं बार काढणं गुन्हा आहे. परवाना जाईल तेव्हा जाईल, सोयरीक त्याआधी जाईल. एवढं ऐकलंस तर माझा जीव तुझ्यावर आहे, नाहीतर विचार करावा लागेल.

विजूताई

केनवड
७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

सगळं बिघडलं. तू ऐकवशीलच, म्हणून आधी मीच सांगतो.

दसऱ्याला आपल्याकडे विळा, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचा पाना पुजतात. यंदा बंदूक होती. साधना म्हणाली, हळदीकुंकू पुरे. मी म्हटलं, पहिलंच वर्ष आहे, पंचामृताचा अभिषेक झाला पाहिजे. दूध, दही, तूप, मध, साखर, नळीतून आरपार, चापावरही थोडं. मग फडक्यानं पुसून भिंतीवर टांगली. देवाला चालतं ते बंदुकीला चालत नाही, हे हवालदारांनी शिकवलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले, अंगणात खुर्च्यांवर बसले. नानाजींनी दारातून भिंतीवरच्या बंदुकीकडे कौतुकानं पाहिलं, म्हणजे मला तसं वाटलं. तुझं पत्र आठवत होतं. तरी म्हटलं, एकच सलामी, आभाळाकडे. बंदूक अंगणात आणली, काडतूस भरलं, चाप ओढला. चाप हलेना. नळीतून मुंग्यांची रांग निघाली ती थेट माझ्या बाहीत. कुठं अडकलं ते पाहायला मी बंदूक आडवी धरली, आणि नळी नानाजींच्या छातीसमोर आली. आत काडतूस आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पवन उठला. त्यानं माझ्या हातातून बंदूक हिसकली, मधून उघडून काडतूस काढलं, खिशात टाकलं, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, बाबा, पुरे झालं, तुमी खाली बसा. जन्मात पहिल्यांदा. मी बसलो. पुढे पाहुण्यांशी तो एकटाच बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, मी मुंग्या झटकत होतो.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. पोरानं चारचौघांत बापाची शोभा केली आणि हातची सोयरीकही घालवली. माझं आता कशातच लक्ष नाही.

तुझा दुर्दैवी भाऊ,
भागवत

मंगरूळपीर
१० ऑक्टोबर २०२५

चि. भागवतास,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, पण रीत म्हणून देते. तुझी शोभा तुझी तूच केलीस. नानाजींच्या जागी मी असते तर त्याच बंदुकीनं तुला झोडपलं असतं. माणूस मेला असता, भागवत. हे वाक्य पुन्हा वाच.

काल सुचिता घरी येऊन गेली. ती म्हणाली, काकू, मी नकार द्यायलाच गेले होते. मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नाही असं तिनं ऐकलं होतं आणि नानाजींचं मन मोडू नये म्हणून ती नुसती घर पाहून येणार होती. मग तिनं पवनला उठताना पाहिलं. त्यानं तुझ्या हातातून भरलेली बंदूक घेतली, तुला गप्प केलं आणि लगेच आत जाऊन तुझ्यासाठी पाणीही आणलं, हे तू मला लिहिलं नाहीस. तिच्या नोकरीला हो म्हणताना त्यानं तुझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, असा माणूस मले चालते.

होकार आहे. पवनला मी कळवलेलं नाही आणि सुचितालाही थांबायला सांगितलं आहे. ही बातमी त्याला तू द्यायचीस, अबोला सोडून. तेवढी हिंमत बंदुकीशिवाय गोळा कर.

तुझीच, अजूनही,
विजूताई

केनवड
१५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र खिशात घालून दोनदा गोठ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटी आज सकाळी पवन बैलांना चारा टाकत होता तेव्हा सांगितलं, की रिठदहून होकार आला.

मला वाटलं, आनंदानं उडी मारेल. त्यानं हातातला चारा खाली ठेवला आणि आधी एवढंच विचारलं, बाबा, तुमचा राग गेला काय? पोरीचं त्यानं नंतर विचारलं.

ताई, इतकी वर्षं त्याच्या तोंडचं प्रत्येक उत्तर मी दिलं. याचं उत्तर मला देता येईना. मी तिथंच चाऱ्याच्या पेंडीवर बसून रडलो. तो जवळ येऊन म्हणाला, बाबा, काहून रडून राह्यले, आणि मी त्याचा हात धरून ठेवला.

तुझा,
भागवत