उडवायच्या घराची चौकट

ती. मामांना सुताराच्या भाच्याचा, म्हणजे ठेचलेल्या अंगठ्यासकट, नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामीचा राग कसा आहे? (दोन्ही एकदमच उठतात असं ताईने कळवलं होतं.) मी अंगठा सोडून धडधाकट आहे.

मामा, मी सिनेमावाल्यांकडे सुतारकामाला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, स्टुलं करून कंटाळलास ना, जा, आता महाल बांध. महाल नाही, पण एक घर मिळालं. गोष्टीत ते हिरोच्या आईचं. हिरो येणार, आई जेवायला वाढणार, दोघं भांडणार, तो ताटावरून उठून जाणार आणि मग व्हिलन ते घर उडवणार. हे मला आर्टवाल्या साहेबांनी स्वतः सांगितलं, म्हणून बावीस दिवस मर मर राबलो. हात लागून लागून रंग गेलेली कडी केली. कपाटाचा एक पाय आखूड ठेवून खाली पुठ्ठ्याची घडी घातली (तुमच्याच कपाटावरून उचललंय, रागावू नका). आणि चौकटीवर पेन्सिलीने पोराच्या उंचीच्या खुणा, वर्षागणिक. त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. पण घरात आई आहे म्हटल्यावर पोराला चौकटीला उभं करणारच की कुणीतरी. (तुम्ही मला करायचात. माझी बाराव्या नि तेराव्या वर्षाची खूण एकाच जागी आली होती, तीही तशीच ठेवली.)

शूटिंगच्या दिवशी जातो तर स्फोटवाले सकाळपासून भिंतींना वायरी लावत बसलेले. म्हटलं, अहो, आधी जेवण, मग स्फोट. तर असिस्टंट म्हणतो, जेवण कापलं, लोकांना धुरळा लागतो. आता ह्याच सिनेमात आधी एक पूल, दोन विमानं आणि अख्खा बाजार उडालाय. अजून किती धुरळा खाणार लोक? मी थेट दिग्दर्शकापुढे. म्हटलं, साहेब, घर कुणाचं तेच कळलं नाही तर उडालं काय नि राहिलं काय. त्या बाईला एकदा भाजी वाढू द्या, मग खुशाल उडवा. तर तो मान वर न करता म्हणाला, "तू सुतार ना? मग खिळे ठोक." मामा, हे तुम्ही म्हणालात तर मी ऐकतो. ज्याने जन्मात रंधा धरला नाही त्याचं का ऐकू? जाऊन दारातच बसलो. चौघांनी मला उचलून बाहेर काढलं. (हिरोला गोळी लागल्यावर दोघेच उचलतात. अंगठा चौकट धरून ठेवताना ठेचला.) दुपारी घर उडालं. तीन सेकंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

स्टुलावर निदान कुणी बसतं तरी.

मामीला नमस्कार, ताईच्या पोराला गालगुच्चा.

तुमचा,
हट्टी भाचा

ता. क. दिवेवाल्या दोस्ताने तो स्फोट मोबाईलवर पाठवलाय. चार वेळा पाहिला. खोटं कशाला बोलू, उडवलंय झकास. धुरातून माझी चौकट गरगरत थेट अंगावर येते, चारही वेळा मी डोकं खाली घेतलं. आणि मामा, घराचा भुगा झाला, पण तुम्ही शिकवलेला सांधा सुटलेला नाही. अख्खी आली.

आणखी एक. तुमच्याकडे माझ्या जागी कुणाला ठेवलंय का? ठेवलं असेल तर त्याला तो सांधा एवढ्यात शिकवू नका. मी सोमवारी निघतोय.