‘निष्काळजीपणा’चा डाग पुसल्यावर

मी, कडुबा सांडू दाभाडे, वय ५०, धंदा कुबड्या व कृत्रिम पाय दुरुस्ती, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. मी आजारी नाही. उलट वीस वर्षांनी शांत झोप लागू लागली आहे, म्हणून आत्ताच लिहितो.

१. २००५ साली सैन्यात असताना सीमेवर गस्त घालताना सुरुंगात माझा डावा पाय गेला. चौकशीच्या कागदावर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. त्या दोन शब्दांपायी अपंगत्वाचे पेन्शन नाकारले गेले, आणि गावात ‘दारू पिऊन पाय घालवला’ अशी बोलवा उठली. वॉचमनच्या नोकरीला गेलो, तर साहेब म्हणाले, “चोर पळाला तर तुम्ही काय करणार?” पुढे स्वतःच्याच पायाचे तुटलेले पट्टे शिवता शिवता हा धंदा शिकलो.

२. मुकुंदवाडीतील दोन खोल्या पत्नी रत्नमाला हिला. त्या तिच्या शिलाईवर उभ्या राहिल्या. कागदावर नाव तेवढे माझे आहे. त्या शेऱ्याविरुद्ध मी लढलेल्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला ती माझ्यासोबत आली. गेल्या डिसेंबरात निकाल लागला: ‘कर्तव्यावर असताना जखमी.’ वकिलांनी वाचून दाखवल्यावर ती एवढेच म्हणाली, “आता गावाला जाऊ.”

३. दुकान व हत्यारे मुलगी सुलेखा हिला. पैसे नसलेल्याचाही पट्टा तिने त्याच दिवशी शिवून द्यावा. माणसाला घरी चालत जायचे असते.

४. कन्नड तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्साही सुलेखाला. “लंगडा काय शेत कसणार,” म्हणून धाकटा भाऊ धम्मपाल याने तो दाबला होता. दारूची बोलवाही त्याचीच. हे कलम मी निकालाआधी लिहिले असते, तर वकिलांना त्यातले शिव्याशाप खोडावे लागले असते. जानेवारीत आम्ही गावाला गेलो. त्याने निकालाचा कागद दोनदा वाचला.

“दादा, म्या लई वंगाळ बोललो.”

“व्हय, बोललास.”

“तुझी जमीन तू घे माघारी.”

“सुलेखाच्या नावानं करतोय. साक्षीला येशील?”

त्याने कागदाची नीट घडी घालून तो माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “कोणत्या दिवशी येऊ?”

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो.

छत्रपती संभाजीनगर
दि. १२ मार्च २०२६

(सही) कडुबा सांडू दाभाडे

साक्षीदार:
१. (सही) ॲड. अभय तुपे
२. (सही) धम्मपाल सांडू दाभाडे, सख्खा भाऊ