कान्हाला पाठवण्याआधी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

ती. मंदाताईस,

जगनचा नमस्कार. भावोजींना नमस्कार सांग, कान्हाला आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर लिहायला बसलेलो, पण राहून गेलं. कंपनीत काम फार आहे असं नाही, उगाच खोटं कशाला लिहू. राहून गेलं एवढंच.

इकडे आई बरी आहे. गुडघे दुखतात तरी पाटी घेऊन नौपाड्यात जातेच. तिला म्हटलं, आता पुरे कर. तर म्हणते, माझी गिऱ्हाइकं जुनी आहेत, मी गेले नाही तर ती बर्फातली मासळी खातील. खाडीत आता काही उरलेलं नाही. बाबा असताना निवट्या तरी मिळायच्या, आता जाळं धुवायलाही पाणी बरं वाटत नाही. आई भाऊच्या धक्क्यावरचा माल आणते आणि आपल्या खाडीचा म्हणून विकते. नौपाड्यातल्या बायकांना ते कळतं आणि त्या काही बोलत नाहीत, असं जनी सांगत होती.

जनी मजेत आहे. मध्ये चार दिवस डोंबिवलीला माहेरी जाऊन आली. रतन बालवाडीत जायला लागली. शिमगा महिन्यावर आला, पोरांनी होळीच्या लाकडांची चर्चा सुरू केली आहे. तुमच्या हर्णैला बोंबील कसा आहे या वर्षी? भावोजींच्या बोटीचं इंजिन दुरुस्त झालं का?

आता मुद्द्याचं लिहितो.

पेपरात माझं नाव वाचून तुला आनंद झाला, कान्हाने ते कात्रण भिंतीला चिकटवलं, 'मामा परत आला' असं तो सगळ्या शाळेत सांगत सुटला, हे तू लिहिलंस. चार बळी घेतले हे खरं आहे. कल्याणला मॅच होती, कंपन्यांच्या स्पर्धेतली. पण ताई, पेपरवाले फक्त आकडा छापतात. बॉल कसा टाकला ते छापत नाहीत. मी ते चार बळी ऑफस्पिन टाकून घेतले. कान्हाला विचार, तो सांगेल ऑफस्पिन म्हणजे काय. चार पावलं चालत यायचं आणि बोटांनी बॉल फिरवायचा. म्हातारपणी करतात ते काम.

दोन वर्षं झाली मला हे करताना. घरी जनी सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. आई विचारते, "दमलास का रे?" मी हो म्हणतो. तिला वाटतं अजून धावतो.

झालं असं की कंपनीतल्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुम्हाला खेळाडू म्हणून घेतलेलं आहे. खेळत नसाल तर शिफ्टला या, मशीनवर. त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण आठ तास उभं राहणं मला जमत नाही, तास झाला की डावा पाय बधिर होतो. मी आमच्या टीमच्या कॅप्टनला, पंढरीला, जाऊन सांगितलं की माझं नाव काढ. हा पंढरी विकेटकीपर, माझ्याच वयाचा, कळव्याचा. तो बराच वेळ ग्लव्ह्जची लेस ओढत बसला. मग म्हणाला, "तुझी बोटं तरी धड आहेत ना? मग स्पिन टाक. सांभाळतो मी."

पहिल्या मॅचला मला बॉल दिला तेव्हा काय झालं सांगतो. तोवर मी फास्ट टाकायचो, मी बॉलिंगला आलो की विकेटकीपर मागे जायचा, लांब, पार वीस पावलं. तो तसा मागे गेला की बॅट्समनही एकदा वळून बघायचा, कीपर किती लांब उभा आहे ते. ते बघणं मला आवडायचं. त्या दिवशी पंढरी मागे गेला नाही. पुढे आला आणि स्टंपाला चिकटून वाकून उभा राहिला. मी बॉल हातात धरून त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने मान खाली घातली. मला वाटलं तसंच चालत बाहेर जावं. पण टाकली ओव्हर. बॅट्समन कोवळा मुलगा होता, त्याने मला 'सर' म्हटलं.

आता सवय झाली. वाईट टाकत नाही मी, चार बळी उगाच मिळत नाहीत. पण आनंद होत नाही ताई. विकेट पडली की सगळे येऊन पाठीवर थाप मारतात आणि मी आधी बघतो की कुणी जोरात मारणार तर नाही ना.

तू म्हणशील, हे सगळं कधी झालं. आमचा जगन तर बरा झाला होता.

चौऱ्याऐंशी साली घोटा गेला तो तुला माहीत आहे, तूच तेव्हा इथे येऊन हळदीचा लेप लावायचीस. शहाऐंशीला पाठ धरली, लग्नात मी पट्टा बांधून उभा होतो, तेही तू पाहिलंस. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून सगळे म्हणाले, विश्रांती घे, होईल बरं. झालंही बरं. अठ्ठ्याऐंशीला मला पुन्हा रणजीला घेतलं. तू ज्या मॅचचे पेढे वाटलेस, रेडिओच्या बातम्यांत माझं नाव आलं म्हणून भावोजींनी अख्ख्या जेट्टीवर चहा पाजला, त्या मॅचबद्दल मी तुला कधी सगळं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच पाठीत चमक आली. साधी नाही, कुणी आत खिळा ठोकल्यासारखी. सकाळी बूट घालायला वाकता येईना. आमचा कॅप्टन गुरुदत्त माझ्या शेजारी येऊन बसला. चांगला माणूस, त्याला दोष देत नाही. म्हणाला, "जगन, तू नसशील तर ही मॅच गेली. तू सांग, काय करायचं." डॉक्टर होते तिथे. ते म्हणाले, इंजेक्शन देता येईल, दुखणं थांबेल, पण दुखणं थांबलं म्हणजे इजा थांबली असं नाही. मला सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, द्या.

आणि ताई, त्या दिवशी मी जसा टाकला तसा आयुष्यात कधी टाकला नव्हता. पाठ नव्हतीच मला. कमरेच्या वर सगळं हलकं. धावत यायचो तेव्हा पायाखाली जमीन कळत नव्हती. कीपर दोनदा मागे सरकला. पाच विकेट्स काढल्या. लोक उभे राहिले. संध्याकाळी हॉटेलात आलो, सगळ्यांसोबत जेवलो, हसलो.

सकाळी पाय जमिनीवर टेकवता येईनात. टेकवले तर ते माझे आहेत असं वाटेना.

घरी आणलं ते झोपवूनच. प्लॅस्टर घातलं छातीपासून कमरेपर्यंत. तुला आम्ही लिहिलं की जरा पाठ धरली आहे, येऊ नकोस, कान्हाची शाळा बुडेल. तू सुकट आणि कोकम पाठवलंस. खरं असं होतं की मला संडासला न्यायला दोन माणसं लागायची. जनीला सहावा महिना होता, आई तिला हात लावू देत नव्हती. शेजारचा धाकू सकाळी खाडीवर जायच्या आधी यायचा, मला उचलायचा, धुवायचा, परत झोपवायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी पेपरात यायला लागलो तेव्हा मी त्याला रस्त्यात नुसता हात करायचो.

नंतर नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मोठ्या मशीनमधला फोटो काढायला लावला. मणक्याला दोन्ही बाजूंनी चीर आहे. एक बाजू जुनी, शहाऐंशीची, तेव्हा ती एक्स-रेत दिसली नव्हती. दुसरी त्या मॅचची. डॉक्टर म्हणाले, एकच असती तर सहा-आठ महिने पूर्ण विश्रांतीने भरून आली असती कदाचित. आता नाही.

रतनच्या बारशाला तू आलीस तेव्हा मी शर्टाच्या आत पट्टा बांधून बसलेलो. तू बाळ माझ्या हातात दिलंस. तेवढ्यात जनीने ते काढून घेतलं आणि तुला राग आला होता, बापाच्या हातात राहू देत नाही म्हणून. तुला राग आलेला मला कळला होता. मी गप्प बसलो. जनीही बसली.

पोरीला मी अजून उचललेलं नाही. दुसरी पोरं बापासमोर हात वर करतात ना, तशी ती करत नाही. जनीसमोर करते. माझ्याकडे यायचं असलं की स्टूल ओढत आणते, त्यावर चढते आणि मग माझ्या गळ्यात हात टाकते. तिला कुणी शिकवलं नाही हे.

आता कान्हाचं. तू लिहिलंस, दहावीची परीक्षा झाली की त्याला ठाण्याला पाठवते, तुझ्याजवळ ठेव, तुझ्यासारखा फास्ट बॉलर कर. भावोजी बोटीवर घ्यायचं म्हणतात आणि तो ऐकत नाही. दोन पत्रं आली तुझी, मी उत्तर दिलं नाही, म्हणून तुला वाटलं असेल की भावाला भाच्याचं ओझं झालं. तसं नाही. जनीला पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "या घरात एक पाठ सांभाळतेय मी. दुसरी नको." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे तुम्ही ताईंना सांगा. नुसतं नाही म्हणू नका, का नाही ते सांगा. मी किती वर्षं गप्प बसायचं?"

तर मी नाही म्हणायलाच बसलो होतो.

पण एक राहिलं. भाऊबीजेला आलेलो तेव्हा संध्याकाळी कान्हा मला किनाऱ्यावर घेऊन गेला, ओहोटीची पुळण घट्ट होती, तिथे त्याने आणि त्याच्या दोस्तांनी स्टंप ठोकले होते. तो म्हणाला, मामा बघ. मी बघितलं. चार-पाच बॉल बघितले आणि भावोजींची बोट बघायची आहे असं सांगून निघून गेलो. घरी तू विचारलंस, "कसा टाकतो रे?" मी म्हटलं, "पोरगा आहे अजून." तो जेवताना माझ्याकडे बघत होता. मी मान वर केली नाही.

ताई, तो माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच्या वयाचा असताना मी त्याच्या निम्माही नव्हतो. बॉल हातातून सुटतो तो दिसत नाही, नुसता पोचलेला दिसतो. इतक्या वर्षांत मैदानावर मला असा आनंद झाला नव्हता, आणि तिसऱ्या बॉलला मी त्याचा पुढचा पाय वाळूत कसा आदळतो आणि कंबर कशी मुरडते ते बघितलं. माझी अशीच मुरडायची. मला घाम फुटला. म्हणून गेलो तिथून. बोट बघायची नव्हती मला.

मी नाही म्हटलं तर तो थांबेल असं तुला वाटतं का? मला वाटत नाही. तो दुसऱ्या कुणाकडे जाईल. तो माणूस वाईट असेल असंही नाही. गुरुदत्त कुठे वाईट होता.

म्हणून काल जनीशी पुन्हा बोललो. तिला किनाऱ्यावरचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माडीवरची खोली झाडून ठेवते. पण माझ्यासमोर तो कण्हला तर त्या दिवसापासून बॉल बंद. तुमचं नाही ऐकणार मी." मी कबूल केलं.

तेव्हा असं करू. परीक्षा झाली की त्याला ठाण्याच्या खोपट स्टँडला येणाऱ्या एस.टी.त बसवून दे, मी उतरवून घ्यायला जाईन. पहिलं वर्ष मी त्याला धावू देणार नाही, फक्त पाय कसा ठेवायचा आणि कंबर कशी न्यायची तेवढंच. तो चिडेल. तुला पत्र लिहून माझी तक्रार करेल. दुखतं असं म्हणायची त्याला या घरात लाज वाटणार नाही एवढं मी बघेन. आणि त्याच्या अंगाला कुणी सुई लावायला आला तर मी मध्ये उभा राहीन. मोडक्या पाठीने का होईना, तेवढं उभं राहता येतं मला. यापलीकडे काही कबूल करत नाही. तो मोठा खेळाडू होईल असंही लिहीत नाही.

मात्र त्याआधी हे पत्र त्याला वाचायला दे. धाकूचं आणि संडासचंही वाचू दे. भावोजींनाही दाखव. मग तिघं बसून ठरवा. बोटीवर जायचं म्हणाला तर मला मनापासून बरं वाटेल, आणि वाईटही वाटेल, ते माझं मी बघेन.

दरवेळी पत्राच्या शेवटी मी 'बाकी सगळं ठीक' असं लिहितो. या वेळी लिहीत नाही.

तुझा,
जगन