चिंध्याला मारायचं नाही

फोन बंद ठेवलास तर ठेव, पण नंबरसुद्धा बदलावा एवढी कोणाची चोरी केली होती रे आम्ही? तीन वेळा लावून पाहिला. एक बाई बोलते, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणते. तिला म्हटलं, माझा नातू अस्तित्वात आहे, मग त्याचा नंबर कसा नाही? ती आपली तेच तेच बोलते. चौथी शिकलेल्या म्हातारीला शेवटी कागद काळे करायला लावलेस.

प्रिय नवल,

अक्षर वाकडं आहे, वाचून घे. तुझा पत्ता मला कुठून मिळाला असा प्रश्न तुला पडेल. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुझा बाप असाच होता.

मेहरूण आहे तिथेच आहे. तलावावर सकाळी चालणारे वाढलेत, पोट घेऊन येतात आणि पोट घेऊनच घरी जातात. चैत्र आत्ताच लागला आणि पत्रे तापायला लागले. तुझ्या बापाला जाऊन साडेचार महिने झाले, दुकानाचं कुलूप तेव्हापासून उघडलेलं नाही. लोक येतात, आमचा टीव्ही आत अडकलाय म्हणतात. तुझी आई, कोकिळा, चावी देत नाही. कोणता टीव्ही कोणाचा ते मला काय कळतं, असं सांगते. खरं म्हणजे आत खिळ्याला त्याचा सदरा लटकलाय, तो तिला पाहायचा नाही. ती रडत नाही बरं का. शिवणाचं काम करते, दोन वेळा जेवते, ताट घासते. पण मुलगा कुठे असतो असं कोणी विचारलं की मला मुलगा नाही म्हणते. परवा भाजीवालीला म्हणाली. मी पिशवी धरून मागे उभी होते. जित्या पोराला नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली नवल, आणि मी दोन लेकरं मातीत ठेवलेली बाई आहे.

त्या दोघांचं तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या बापाच्या आधी झालेली. एक बारा दिवसांचं, एक सव्वा वर्षाचं, चालायला लागलेलं. म्हणून तिसरा झाला तेव्हा सासूने त्याला सुपात घातला आणि शेजारच्या भागाबाईच्या ओट्यावर नेऊन टाकला. भागाबाईने उचलला, आणि मी पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतला. विकत घेतलेलं पोर, आमचं नाहीच. नाव ठेवलं चिंधा. मरण आलं तरी म्हणेल, ही चिंधी कोण उचलणार, आणि पुढच्या घरी जाईल. आमच्या पारोळ्याकडे तेव्हा दर चार घरांत एक चिंधा नाहीतर नथ्थू असायचा, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे एखादं गेलेलं लेकरू असायचं. शाळेत गुरुजींनी लाजून जितेंद्र लिहिलं. मी मात्र ते नाव मनातून कधी काढलं नाही. नावाला मी कुलूप समजत होते.

आता तुला कळेल मी त्या दिवशी वेड्यासारखी का वागले. तू सात वर्षांचा होतास. तुझा बाप दुरुस्तीला आलेला तो टीव्हीचा खेळ घरी घेऊन आला, पिवळ्या मुंडाशाचा बुटका उड्या मारत जातो तो. पहिल्याच पायरीवर लोखंडी खेकडा होता. डोक्यावर लाल दिवा, सहा पावलं इकडे, कड आली की वळायचं, सहा पावलं तिकडे. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. तू विचारलंस, आप्पा, याचं नाव काय? आणि तो दात काढून म्हणाला, चिंध्या, माझंच नाव, मी पण असाच दुकान ते घर आणि घर ते दुकान. मी चुलीशी होते. एवढ्यात तू ओरडलास, मोठी माय, चिंध्या मरी गया! पिठाच्या हाताने उठले आणि चाळिशीला टेकलेल्या माणसाला त्याच्या पोरासमोर पाठीत धपाटा घातला. पाच बोटं उमटली सदऱ्यावर. तू हसलास, तोही हसला. पण मग माझं तोंड पाहिलं त्याने आणि हसायचं थांबला. तुला जवळ घेऊन म्हणाला, नवल, याला मारायचं नाही. याच्यावरून उडी घ्यायची आणि पुढे जायचं.

तुम्ही पाळलंत ते. त्या खेळाचे पुढचे भाग येत गेले, तुझा बाप कुठून कुठून आणायचा, आणि मेला तो खेकडा प्रत्येकात हजर. एकदा त्याला पंख फुटले, एकदा तोंडातून आग यायला लागली. पण चालणं तेच. तुम्ही दोघं म्हणायचात, आला बघ आपला गाववाला. त्याच्यावरून उडी घ्यायला जागा नसली तर तुझा बाप अर्धा अर्धा तास वाट शोधत बसायचा, पण पाय पडू द्यायचा नाही. कोकिळा म्हणायची, बिलं एवढ्या निगुतीने लिहीत जा.

आणि मग ती दिवाळी. पुण्याला असले खेळ बनवणाऱ्या कंपनीत जायचं म्हणालास. तो म्हणाला, खेळणी बनवायला शिकवला का तुला? तो बोलला ते वाईटच. दुकान कोण बघेल ही त्याची भीती होती, ती त्याने शिवी करून तुझ्या अंगावर टाकली. आमच्याकडच्या पुरुषांना भीती दुसऱ्या कुठल्या रूपात दाखवताच येत नाही. पण तू काय केलंस? टीव्ही चालूच होता. बसलास आणि चिंध्यावर उडी मारलीस. तो फुटला. मागे जाऊन परत आलास, परत मारलीस. स्प्रिंगा उडत होत्या. बापाच्या डोळ्यांत बघून मारत होतास. त्याने प्लग काढला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. तू पिशवी भरलीस. मी दोघांनाही अडवलं नाही. म्हटलं, दोन दिवसांत येतील ताळ्यावर.

तीन वर्षं. तुला माहीत नाही ते सांगते. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो खेळ लावून बसायचा. खेळायचा नाही. नुसता लावायचा. चिंध्या सहा पावलं इकडे, सहा तिकडे, आणि हा डबा खात खात बघायचा. मी एकदा म्हटलं, एवढी आठवण येते तर फोन कर की. म्हणाला, माय, त्यानी करना पाहिजे. पहिल्यांदा त्याने करायला हवा म्हणे. दोघं एकाच मातीचे.

कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, कुरियरवाला आला. कोकिळा ब्लाउज द्यायला गेली होती, बाप दुकानात. त्या पोऱ्याने मोबाइल पुढे केला, काचेवर बोटाने सही मी केली. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. नवल. खाली पुण्याचा पत्ता. हा बघ, इथून मिळाला.

ते खोकं मी जितेंद्रला दिलं नाही. ज्वारीच्या कोठीत खाली घातलं आणि वर ज्वारी ओढली. मला वाटलं, याला खोकं मिळालं की हा खोक्यावरच समाधान मानेल, फोनवर दोन शब्द बोलेल, तूही तिथेच राहशील. नाही मिळालं तर तू उत्तराची वाट पाहून तळमळशील आणि विचारायला स्वतः येशील. मला खोकं नको होतं, तू हवा होतास. आयुष्यभर मी असंच चालवलं, थोडं लपवायचं, थोडं अडवायचं, मग माणसं आपोआप जागेवर येतात. स्वतःला फार हुशार समजत होते.

नवव्या दिवशी सकाळी अकराला शेजारच्या दुकानातल्या छगनला जळका वास आला. तुझा बाप स्टुलावर बसल्या बसल्या टेबलावर पडला होता. तारांना डाग द्यायचं गरम हत्यार हातातच, खालचं लाकूड धुमसत होतं.

तू आलास, अग्नी दिलास. दहाव्याला सगळे नातेवाईक बसलेले असताना कोकिळेला विचारलंस, मी पाठवलं होतं ते आप्पांनी उघडून तरी पाहिलं का? ती म्हणाली, तीन वर्षं शब्द पाठवला नाहीस आणि आज चार लोकांत खोटं बोलतोस? तू सगळ्यांकडे पाहिलंस. माझ्याकडेही. मी पदर तोंडाला लावून खाली बघत बसले. लोकांना वाटलं म्हातारी रडते. मी रडत नव्हते नवल, मी घाबरले होते. तू तेराव्याला थांबला नाहीस. तुला वाटतं बापाने ते फेकून दिलं. तिला वाटतं पोरगा खोटारडा. तुम्हा दोघांच्या मध्ये मी ज्वारीची कोठी ठेवून बसले आहे.

होळी झाल्यावर ते उघडलं. आत नवा भाग, आणि तुझी चिठ्ठी. बोट ठेवून वाचली. आप्पा, यातही पहिल्या पायरीवर चिंध्या आहे, मी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलो, तुम्ही बघा. आणि खाली वेगळ्या ओळीत, येऊ का?

तू येऊ का विचारलं होतंस. तू यावंस म्हणून मी ते लपवलं होतं. नऊ दिवस होते रे मध्ये. नऊ दिवसांत तो स्वतः तुला घ्यायला स्टँडवर उभा राहिला असता.

रविवारी कोकिळेला सगळं सांगितलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने दोनदा वाचली, घडी घालून ब्लाउजात ठेवली. तेव्हापासून ताट वाढते, औषध पुढे ठेवते, पण तोंडाकडे बघत नाही. ते बरोबरच आहे. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, आणि तुझ्याकडे माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तिने तुला चार लोकांत खोटारडा म्हटलं ते तिला आता गिळवत नाही, आणि पहिला शब्द ती टाकणार नाही, तीही याच घरात तीस वर्षं मुरलेली आहे. म्हणून तू टाकायचास. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तुझ्या बापाच्या नावाची नवी घागर भरायची आहे, ती मी भरणार नाही, माझा हात त्या पाण्याला लागायला नको, ती भरायला तू ये. या पत्राचं उत्तर तूच लिहायचंस, आपल्या हाताने, आणि कोकिळेला लिहायचंस. पाकिटावर माझं नाव घालू नको.

तुझीच,
मोठी माय