दोन कीपॅड आणि टाचलेली बाही

चिमे,

दुकान उघडायला निघालोय. टेबलावर एका हाताने खेळायचे दोन कीपॅड आहेत. पटेल तो ठेव, दुसरा शनिवारपर्यंत परत करायचाय.

दोन्हींवर मी खेळून पाहिलं. अंगठ्याशी दांडी असलेला पळापळीच्या, गोळीबाराच्या खेळाला बरा. वीस बटणांचा, सैन्य हलवायच्या खेळाला, पण त्यात करंगळीचे हाल होतात, माझ्यासारख्या शिंप्याच्यासुद्धा. तुझ्या करंगळीचं काय म्हणणं आहे, ते संध्याकाळी सांग.

तुझ्यासारखंच खेळायचं म्हणून उजवा हात खिशात घातला होता. तो सारखा मदतीला बाहेर यायचा. शेवटी बाही शर्टाला टाचून टाकली. तरी अकरा वेळा मेलो.

अपघातापासून सहा महिने तुला ‘होईल सवय’ म्हणतोय. कोणत्या तोंडाने म्हणत होतो, कुणास ठाऊक.

बाबा