चौथ्या खांबाची पाटी

७ जून १९९८, रविवार

संकल्प. आजपासून जाहिरातीची एकही जुनी पाटी विकत घ्यायची नाही. अपवाद फक्त चौथ्या खांबाच्या पाटीचा.

व्हर्नाला तसं रीतसर सांगितलं. (व्हर्ना माझी थोरली बहीण. वय एकोणऐंशी. राहते माझ्या घरात, बोलते मात्र मी तिच्या घरात राहत असल्यासारखं.) म्हणाली, आधी न्हाणीघरातली ती तंबाखूची पाटी काढ, मी अंघोळ करत असले की तो मिशीवाला माझ्याकडे टक लावून बघतो. तो मिशीवाला १९१२ सालचा आहे, एवढंच उत्तर दिलं. रसिकता शिकवून येत नाही.

चर्चमध्ये कळलं, थोरा ऍरिझोनाला चालली. भाचीकडे. कायमची. सप्टेंबरअखेर.

जेवण गेलं नाही. (चीजचं सँडविच आणि अर्धी काकडी, एवढंच.)

८ जून, सोमवार

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.

थोराच्या वडिलांचं, म्हणजे हेग्गे यांचं, जनरल स्टोअर. पुढच्या ओसरीला चार खांब. प्रत्येक खांबावर क्लोव्हरडेल मलमाची एक पत्र्याची पाटी, निळ्यावर पिवळी अक्षरं, आणि प्रत्येक पाटीवर कवितेची एक ओळ. शाळेतून येताना मी त्या रोज म्हणत असे. मिस प्रुइट यांनी वर्गात इतक्या कविता पाठ करून घेतल्या, पण ही त्या सर्वांहून सरस.

दमून यावे संध्याकाळी,
दिवा दारात कुणी धरावा,
हळू फिरावा हात कुणाचा,
जन्माचा या शीण हरावा.

पहिल्या तीन पाट्या माझ्या पलंगाच्या वर भिंतीला टांगलेल्या आहेत. चौथी १९४७ पासून बेपत्ता. ओळ अर्थात मला पाठ आहे. 'जन्माचा या शीण हरावा.' हे लिहिणाऱ्याला मलमाच्या कारखान्यात दिवस काढावे लागले, काय म्हणावं!

योजना: चौथी मिळवायची. चारही थोराच्या ओसरीवर लावायच्या. ओळी म्हणायच्या. मग विचारायचं, थोरा, राहतेस का? माझ्यासाठी?

थोराचा नवरा हॅरल्ड जाऊन नऊ वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. राहून गेलं. घाई कशालाच नव्हती. पण रिकाम्या हाताने विचारायला जाणं मला शोभायचं नाही.

२० जून, शनिवार

जुन्या बाजारात गेलो. चौथी नाही. ओव्हरऑल्सची एक पाटी घेतली. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. तिच्या मागे दुसरा पत्रा चिकटलेला वाटत होता. घरी आल्यावर पाहिलं, गंज होता.

विकणारा डेल स्टूबर म्हणाला, काय पोस्टमन, पलंगाखाली जागा आहे का अजून, की आता बहिणीलाच विकायला काढणार? माणूस उत्तम, पण कवितेशी संबंध नाही.

२१ जून, रविवार

थोराचा फोन. रुबार्बची आंबटगोड पाई भाजलीय, ये. शिवाय जायच्या आधी कोंबड्यांचं जुनं खुराडं पाडायचंय, खिळे उपटायला कुणीतरी हवं. मी म्हटलं, आज प्रेरी रोडवर लिलाव आहे. ती म्हणाली, लिलाव काय दर रविवारी असतो, पाई गरम आजच आहे. आणि हे बघ, खुराड्यात तुझी एक वस्तू आहे, ती घेऊन जा.

माझी कुदळ असणार. सत्तर सालाच्या सुमारास दिली होती. म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. एवढ्या उदारपणाची तिला अपेक्षा नसावी.

लिलावात काही नव्हतं. सरबताच्या कंपनीचा थर्मामीटर घेतला. थर्मामीटर ही पाटी नव्हे.

४ जुलै, शनिवार

मिरवणुकीला थोरा शेजारी खुर्ची टाकून बसली होती. अग्निशामक दलाचा बंब जात असताना मी तिच्या कानाशी म्हटलं, सप्टेंबरपर्यंत तुला एक आश्चर्याचा धक्का देणार आहे. ती म्हणाली, धक्का राहू दे, खुराडं कधी पाडतोस ते सांग.

वयाप्रमाणे माणसं व्यवहारी होतात. मी झालो नाही, हे नशीब.

१८ जुलै, शनिवार

आता शास्त्रशुद्ध पद्धत. दुकानं बंद पडली की पाट्या कुठे जातात? गोठ्याच्या भगदाडावर, धान्याच्या कोठीच्या तळाला, छप्पर गळतं तिथे. पत्रा फुकट वाया घालवणारा शेतकरी अजून या जिल्ह्यात जन्मायचाय. दुसऱ्या खांबाची पाटी मला डुकरांच्या खोपटातच मिळाली होती. मी अडतीस वर्षं या रस्त्यांवर टपाल वाटलं. कुठल्या कोठाराची कुठली फळी सैल आहे हे मला मालकाआधी ठाऊक असायचं.

नकाशावर लाल खुणा केल्या. या आठवड्यात अकरा खुराडी आतून पाहिली. ब्रॅटनच्या कोंबड्याने मनगटावर चोच मारली. टाके नाहीत.

थोराचं खुराडं यादीत घेतलेलं नाही. तिथे पाटी असती तर तिने सांगितलं नसतं का?

९ ऑगस्ट, रविवार

थोराकडे जेवलो. मक्याची कणसं, लोणी, टोमॅटो तिच्या परसातले. मी मिस प्रुइट यांच्या वर्गातली शरद ऋतूवरची कविता म्हटली. बारा कडवी, एकही चूक नाही. आठव्याला ती उठून कणसं काढायला गेली, पण स्वयंपाकघरात ऐकू जातंच.

जेवण झाल्यावर तिने एकदम विचारलं, एल्विन, सरळ सांग. जाऊ की राहू?

'राहा' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण तीनच ओळींवर? मी म्हटलं, जरा थांब, सप्टेंबरात सांगतो, अजून एक गोष्ट हाताशी नाही.

ती बशा विसळायला लागली. बराच आवाज करत होती. भारावली असावी.

तिने ऍरिझोनाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी घेतला, पण मनातल्या मनात हसलो. लागणार कुणाला?

२२ ऑगस्ट, शनिवार

व्हर्ना जिन्यात घसरली. कोंबडीखाद्याच्या पाटीवर. घोटा सुजला आहे. मी क्लोव्हरडेल मलमाचा जुना डबा दिला. (डबा सीलबंद होता, पण रक्ताचं नातं म्हणून फोडला.) ती म्हणाली, या घरात फक्त वाण्याचा गल्ला तेवढा नाही, बाकी दुकान पुरं झालं.

संकल्प पुन्हा केला. या वेळी शाईने.

१२ सप्टेंबर, शनिवार

डेल भेटला. थोराचं खुराडं शेवटी त्यानेच पाडलं म्हणे. जुन्या फळ्या शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींना लावतात. सगळं दिलं तिने, पण आत एक पत्रा ठोकलेला होता, तेवढा देईना, असं म्हणाला. मी म्हटलं, पत्र्याचं मेलं काय करायचंय तिला ऍरिझोनात? डेल म्हणाला, पोस्टमन, तुझ्या हातून लोकांची पत्रं पोचत कशी होती रे?

वेळेवर पोचत होती. तसं त्याला सांगितलं.

तिथेच एक हस्तपत्रक मिळालं. २६ तारखेला आयोवात लिलाव, 'दुकानी सामान, मलमाच्या पाट्या'. मलमाच्या पाट्या! मिळाली म्हणायची. खिशात कागद होता, त्याच्या मागे रस्ता लिहून घेतला.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

थोरा उद्या चार वाजता निघते. भाची गाडी घेऊन आली आहे.

वेळापत्रक: सहाला निघायचं, नऊला लिलाव, अकराला पाटी हातात, दोनला परत, अडीचला थोराची ओसरी. ओळी म्हणायला एक मिनिट. विचारायला एक मिनिट. सामान गाडीतून उतरवायला भाची आहेच.

पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. व्हर्ना म्हणाली, अरे, आत्ता जा ना तिच्याकडे, चालत दहा मिनिटं आहे. तिला नाट्य कळत नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी सहा.

मलमाच्या पाट्यांचा पुकारा दीड वाजता झाला. पाट्या पायाच्या भोवऱ्यांच्या मलमाच्या निघाल्या. कंपनी वेगळी, कविता नाही, नुसता अंगठा. दोन घेतल्या. एवढं थांबल्यावर तसंच परतणं बरं दिसलं नसतं.

पाच चाळीसला थोराच्या घरापुढे आलो. दाराला कुलूप. ओसरीवर दुधाची रिकामी बाटली.

२७ सप्टेंबर, रविवार

व्हर्नाने रात्री काहीच सांगितलं नाही. आज नाश्त्याला सांगितलं. तिचे शब्द जमतील तसे लिहितो.

थोरा काल दोन वाजता इथे आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन आमच्या ओसरीवर बसली. पावणेचारपर्यंत बसली. दोन कप कॉफी प्यायली. व्हर्नाने विचारलं, त्याला आधीच का नाही दाखवलंस? थोरा म्हणाली, जूनपासून ये म्हणतेय. एकदा तरी पाटीशिवाय येतो का, ते बघायचं होतं.

मग म्हणाली, सत्तेचाळीस साली खुराड्यात कोल्हा शिरायला लागला, तेव्हा बाबांनी चौथ्या खांबावरचा पत्रा काढून दिला आणि तो ठोकला एल्विननेच. खिळे मी धरले होते. मी त्याला सांगत होते की हॅरल्डने मला मागणी घातली आहे, काय उत्तर देऊ? हा कविता म्हणत होता. मला म्हणाला, जरा थांब, शेवटचं कडवं राहिलंय.

मला यातलं काहीही आठवत नाही. कविता कुठली होती तेही आठवत नाही.

पुडकं टेबलावर आहे.

२८ सप्टेंबर, सोमवार

पुडकं सोडलं. निळा पत्रा, पिवळी अक्षरं. मजकूर आतल्या बाजूला ठोकल्यामुळे रंग नवा राहिला आहे. कडांना खिळ्यांची सहा भोकं. त्यातलं एक तिरकं. माझाच हात.

पलंगावर लावली. व्हर्नाने लंगडत येऊन चारही ओळी मोठ्याने वाचल्या.

दमून यावे संध्याकाळी,
दिवा दारात कुणी धरावा,
हळू फिरावा हात कुणाचा,
गाईचा सड बरा करावा.

व्हर्ना म्हणाली, यमक बरोबर आहे.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

एकावन्न वर्षं ती ओळ मी म्हणतोय. चर्चच्या जेवणात म्हटली. हॅरल्डच्या अंत्यविधीला म्हटली. थोरा पहिल्या बाकावर बसली होती. चेहऱ्याची एक रेषा हलली नव्हती.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

निर्णय. तिला पत्र लिहायचं. कविता नाही. पाटी नाही. सरळ.

पत्त्याची चिठ्ठी शोधली. सापडली. तिच्याच मागे आयोवाचा रस्ता लिहिलेला आहे. पत्ता शाबूत.

१० ऑक्टोबर, शनिवार

पत्र सकाळी सातला तयार. एकच ओळ. 'थोरा, मी तिकडे येऊ का?'

व्हर्नाने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाली, एल्विन, याला हात लावू नकोस. पाकिटात घाल, फाटकावरच्या टपालाच्या डब्यात टाक आणि पत्र न्यायचंय हे पोस्टमनला कळायला डब्याचा लाल झेंडा वर कर.

पाकिटावर पत्ता घातला. तिकीट लावलं. बंद करण्याआधी एकदा वाचून पाहिलं. ओळ चांगली आहे, पण एकटी पडते. खाली आणखी एक असती तर तोल आला असता. 'येऊ का'ला जुळेल असं काहीतरी. फार तर दहा मिनिटांचं काम.

टपालाची गाडी साडेदहाला येते. नवा पोस्टमन वेळेचा पक्का आहे. झेंडा खाली दिसला की थांबत नाही, मीही थांबत नसे.

दहा पन्नास. गाडी गेली. उद्या रविवार. परवा कोलंबस दिवस, टपाल बंद.