मोरीतला दुसरा कप

अहो, आत जाण्याआधी हे वाचा. पातेल्यातली कॉफी पिऊ नका, मांजरालाही घालू नका.

कॉफीसाठी डब्यात ठेवलेलं घरचं भेंडीचं बी संपलं होतं. म्हणून आईंनी तुम्ही लावायला आणलेलं दुकानचं बी भाजून कुटलं आणि गूळ घालून कॉफी केली. पुडकं तुम्ही चुलीजवळच्या फळीवरच ठेवलं होतं. त्या बियांना लाल औषध चोळलेलं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक. भाजल्यावर सगळंच काळं. मी धुणं घेऊन आले, तर मला म्हणाल्या, "बी ते बीच ना व. आज जराशी कडू झाली."

मग उलट्या सुरू झाल्या. आता बोलत नाहीत, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. कौतिकभाऊंच्या टेम्पोतून त्यांना जळगावला सरकारी दवाखान्यात नेते. रिकामं पुडकं सोबत घेतलं आहे, डॉक्टर औषधाचं नाव विचारतील.

मोरीत दोन कप उष्टे पडलेत. दुसरा कोणाचा, ते आई सांगू शकत नाहीत. शेतात माणूस धाडला, तर तुम्ही तिथे नाहीत म्हणे. दुसरा तुमचा असला, तर बरं वाटत असलं तरी घरी बसू नका. शेजारच्या बेबाबाईंना हाक मारा, एकटे निघू नका.

नसला तरी या.

झुंबर